बारा वर्षांच्या लेकीसाठी पहिली रायफल कुठली घ्यावी? (विस्कॉन्सिन, हरणाची शिकार)

मेंडोटाकाठचा | १८ ऑगस्ट
मंडळी, विषय जरा वेगळा आहे, सांभाळून घ्या. आम्ही चौदा वर्षं मॅडिसनला आहोत. शेजारी एक आजोबा राहतात, सत्तरी ओलांडलेले, त्यांची तासाभराच्या अंतरावर चाळीस एकर जागा आहे आणि दर नोव्हेंबरला त्यांचा सगळा गोतावळा हरणाच्या शिकारीला तिथे जमतो. गेली दोन वर्षं मीपण जातो, अजून स्वतः बार काढलेला नाही, नुसता सोबत बसतो. आता लेक बारा वर्षांची झालीये आणि तिला यायचंय. हट्ट नाही करत, पण वर्षभर शांतपणे विचारतेय. बायको तयार आहे, अट एकच, सगळं नीट शिकून. हंटर एज्युकेशनच्या कोर्सला नाव घातलंय (इथे १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागतोच, त्यामुळे मीही केलाय).

दुकानात गेलो तर काउंटरवरच्या माणसाने थेट .३०८ (मोठ्या काडतुसाची, जोरदार धक्क्याची) हातात दिली, म्हणे एकदाच घ्या, मोठी झाली तरी चालेल. लेकीने खांद्याला लावली तर गाल दस्त्यावर टेकेना, मान ताणून स्कोपमधून बघत होती, मोठ्या भावाचा कोट अंगात घातल्यासारखं. मला ते बघवेना, परत आलो. उंची चार फूट नऊ इंच, वजन ८४ पाउंड. बजेट आठशे डॉलरपर्यंत. काय घेऊ?

मिनेसोटा_मामा | १८ ऑगस्ट
घेतली नाहीत ते बेष्ट केलंत. मी दोन पोरांना आणि एका भाचीला शिकवलंय त्यावरून सांगतो, पहिली रायफल शिकारीची नसतेच. आधी .२२ (छोट्या काडतुसाची) घ्या, बोल्ट ॲक्शन, म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने खटका ओढायचा. धक्का नाही, आवाज कमी, आणि .३०८ च्या एका काडतुसाच्या पैशात .२२ ची दहा तरी येतात. हरणासाठी .२२ रिमफायर तुमच्याकडे चालत नाही, पण हरीण नंतर. आधी तिला पाचशे गोळ्या कागदावर घालवू दे.

दस्त्याची लांबी घरीच मोजा. कोपर काटकोनात वाकवायला सांगा, दस्त्याचं मागचं टोक कोपराच्या आत टेकवा, तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात यायला हवं. मोठ्यांच्या रायफलींचे दस्ते साडेतेरा-पावणेचौदा इंचाचे असतात, तुमच्या लेकीला बारा ते साडेबारा लागेल. तुमच्या दुकानदाराने हेच बघायला हवं होतं.

रानवाटेवर | १८ ऑगस्ट
सॅव्हेज रास्कल घ्या डोळे झाकून. एकावेळी एकच गोळी, वजन तीन पाउंडाच्या आत.

मिनेसोटा_मामा | १८ ऑगस्ट
रानवाटेवर, रास्कल चांगलीच आहे पण तिच्या दस्त्याची लांबी सव्वाअकरा इंच, ती सहा-आठ वर्षांच्या पोरांची. बारा वर्षांच्या मुलीला पुढच्या वर्षी तोकडी पडेल. रुगर अमेरिकन रिमफायर कॉम्पॅक्ट बघा, किंवा सीझेड ४५७ स्काउट. मॅगझिन असलं तरी सुरुवातीला एकेकच गोळी भरायची, म्हणजे प्रत्येक बारानंतर हात थांबतो, डोकंही थांबतं.

देवगडचा | १९ ऑगस्ट
मामांचं पटलं. का ते सांगतो. आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर दुनळी बारा बोर होती, आंबा-काजूच्या बागेत डुकरं आणि वानरं येत म्हणून. मी अकरा वर्षांचा असताना काकाने एकदा गंमत म्हणून मला उडवायला दिली, समोर माडाला करवंटी टांगली होती. दस्ता खांद्यात घट्ट धरायचा असतो हे मला कोणी सांगितलंच नाही, मी तो भितीभितीने दोन बोटं लांब धरला. बार झाला आणि मी मागच्या पडवीत. करवंटी तशीच हलत होती. आठ दिवस खांदा काळानिळा, आईने खोबरेल आणि हळद चोळली.

खांदा बरा झाला, पण पुढची कित्येक वर्षं मी चाप ओढायच्या क्षणाला डोळे मिटायचो. कळायचंच नाही मिटतोय ते. एका दिवसाच्या गमतीने लागलेली सवय काढायला मला कॉलेज संपावं लागलं. लेकीला पहिला बार असा देऊ नका.

आजोबांना कळल्यावर त्यांनी काकाला काय सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही. ते स्वतः मला वर्षभर नुसती रिकामी नळी साफ करायला लावायचे, चालताना नळी जमिनीकडे, कुंपण ओलांडताना आधी बंदूक उघडून काडतुसं बाहेर. तेव्हा राग यायचा.

मिनेसोटा_मामा | १९ ऑगस्ट
देवगडचा, याला आम्ही दचका म्हणतो आणि तो पकडायची युक्ती आहे. पाच काडतुसांत एक डमी (दारू नसलेलं खोटं काडतूस) मिसळायचं, पोराला कळू न देता. डमीवर चाप पडला की आवाज होत नाही पण ज्याला दचका लागलाय त्याची नळी फटकन खाली जाते, सगळ्यांना दिसते, त्याला स्वतःलासुद्धा. माझ्या भाचीला मी जड .२७० वर फार लवकर नेलं होतं, तिची नळी अशी खाली गेली की तीच रडायला लागली. चूक माझी होती. परत .२२ वर आणली, दोन महिने लागले.

पानाफुलातली | १९ ऑगस्ट
मी शाकाहारी आहे, कोणाला बोल लावायला आलेली नाही, पण मनापासून विचारते. बारा वर्षांच्या मुलीने एक जिवंत हरीण मारणं, ते तिच्या मनावर कसं बसेल याचा विचार झालाय का? माझी मुलगी त्याच वयाची आहे, अंगणातल्या चिमणीचं पिल्लू पडलं तर दोन दिवस जेवली नव्हती.

मेंडोटाकाठचा | १९ ऑगस्ट
ताई, प्रश्न रास्त आहे आणि आमच्या घरात यावरच सगळ्यात जास्त बोलणं झालंय. आम्ही मटण-चिकन खातो. लेकीचं म्हणणं असं की खायचं तर ते कुठून येतं ते मला एकदा बघायचंय. मी तिला सांगितलंय की शेवटच्या क्षणाला नाही वाटलं तर नाही, कोणी काही म्हणणार नाही. गेल्या वर्षी आजोबांनी मारलेलं हरीण तिने सोलताना पाहिलंय, मागे हटली नाही, पण रात्री बराच वेळ माझ्याजवळ बसून होती.

दक्खनी | १९ ऑगस्ट
भारतातल्या वाचकांनी यावरून काही ठरवू नका रे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, डुक्कर-रोह्यांनी (रोही म्हणजे नीलगाय) शेत लोळवलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. आमच्याकडे विदर्भात एका रात्रीत रोही हरभरा साफ करतात, शेतकरी मचाणावर डबे वाजवत रात्र काढतो. विस्कॉन्सिनची गोष्ट वेगळी, तिथे हरणं खंडीने आहेत.

रानवाटेवर | १९ ऑगस्ट
बरोबर. इथे नोव्हेंबरच्या नऊ दिवसांच्या सीझनला साडेपाच लाखांच्या आसपास लोक लायसन काढतात. शाळेत त्या सोमवारी निम्मी पोरं हरणाच्याच गोष्टी सांगतात.

रंकाळ्याचा_नेम | २० ऑगस्ट
मी कोल्हापूरचा, शिकारीतलं कळत नाही, पण पंधरा वर्षं १० मीटर एअर रायफल केलीय म्हणून दोन गोष्टी. आमच्यात पोरगं आलं की पहिले कित्येक दिवस छर्रा मिळतच नाही, नुसतं होल्डिंग. उभं राहायचं, रायफल धरायची, श्वास सोडायचा, खाली ठेवायची. कंटाळून निम्मी जातात, उरतात ती शिकतात. आपला स्वप्नील कुसाळे राधानगरीतल्या कांबळवाडीचा, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ करून ब्राँझ घेतलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली, त्या दिवशी आमच्या गल्लीत साखर वाटली. त्याआधी आमच्याच तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाल्या होत्या. सांगायचा मुद्दा, हे दोघंही नेमबाज .२२ आणि .१७७ (एअर रायफलचा छर्रा) वरच घडले.

दुसरी गोष्ट, रायफल घ्यायच्या आधी मुलीचा मास्टर आय (नेम धरताना ज्याचं चालतं तो डोळा) बघा. दोन्ही हात पुढे ताठ करून तळव्यांचा छोटा त्रिकोण करायला लावा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघू दे. मग एकेक डोळा मिटू दे. ज्या डोळ्याला घड्याळ जागेवर राहतं तो मास्टर. हे न बघता रायफल घेतलेली खूप पोरं पाहिलीत.

पुण्याची_पूर्वा | २० ऑगस्ट
दादा, माझा मुलगा ११ चा आहे, त्याला एअर रायफल सुरू करायची आहे. लगेच घ्यावी लागते का? फार महाग असतात म्हणे.

रंकाळ्याचा_नेम | २० ऑगस्ट
अजिबात घेऊ नका ताई. रेंजवर क्लबच्या असतात, सहा महिने त्यावरच करू दे. आधी ओपन साइट (साधी खाच आणि माशी), मग पीप साइट (बारीक भोकातून नेम). मॅचची रायफल साडेपाच किलोपर्यंत भरते, ११ वर्षांच्या पोराच्या कमरेला ते ओझं लगेच नको, आधी टेकू देऊन. सगळ्यात आधी बूट आणि जॅकेट लागेल, रायफल शेवटी. परदेशी वाल्थर, फाइनवेर्कबाउ दोन-तीन लाखांच्या पुढे जातात, प्रीसीहोलसारख्या देशी खूप स्वस्तात सुरुवात करून देतात.

मेंडोटाकाठचा | २० ऑगस्ट
नेम दादा, तुमचे उपकार मानावे तेवढे थोडे. आत्ता जेवणं झाल्यावर त्रिकोण करून पाहिला. लेक उजवी आहे, उजव्या हाताने लिहिते, आणि मास्टर आय डावा! तीनदा केलं, तिन्ही वेळा डावा. दुकानात ती मान का वाकडी करत होती ते आत्ता कळलं, ती डावा डोळा स्कोपवर न्यायला बघत होती. आता काय करायचं?

रंकाळ्याचा_नेम | २० ऑगस्ट
नवीन आहे तोवर डाव्या खांद्यावरच शिकवा. आठ-दहा दिवस अवघड वाटेल, मग हात बसतो. वर्षभर उजव्या खांद्यावर केल्यावर बदलायला मात्र जीव जातो.

मिनेसोटा_मामा | २१ ऑगस्ट
+१. मग बोल्टपण डावीकडचा हवा, नाहीतर प्रत्येक वेळी डोकं उचलून वरून हात टाकावा लागेल. सॅव्हेज मार्क टू (.२२) मध्ये डावखुरं छोट्या दस्त्याचं मॉडेल येतं, जुनी मिळाली तर बघा.

नवा_गडी | २१ ऑगस्ट
मी मिलवॉकीत, एच-वन-बी वर. मलाही मित्रांबरोबर जायचंय. व्हिसावर रायफल घेता येते का?

कायद्याची_कविता | २१ ऑगस्ट
हे नीट वाचा, कारण आपले बरेच जण इथे नकळत अडकतात. फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मुळात मनाई आहे. अपवाद आहेत, त्यातला नेहमी लागू पडणारा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेलं, मुदतीत असलेलं शिकारीचं लायसन. म्हणजे क्रम असा, आधी हंटर एज्युकेशन, मग लायसन, मग बंदूक. लायसन संपलं की अपवादही संपला, तेव्हा मुदतीची तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा. मित्राची रायफल रेंजवर नुसती हातात घेणंसुद्धा बाळगणं धरलं जाऊ शकतं. जाण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोलाच, पुढच्या ग्रीन कार्डचा प्रश्न आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही.

मेंडोटाकाठचा, तुमच्यासाठी: १८ च्या आतल्या मुलीला दुकानदार विकू शकत नाही, तुम्ही घ्यायची आणि तुमच्या ताब्यात ठेवायची. १४ च्या आतल्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक बेफिकिरीने ठेवली आणि मुलाने ती घेऊन चारचौघांत नेली किंवा कोणाला इजा केली, तर विस्कॉन्सिनमध्ये ठेवणाऱ्यावर गुन्हा होतो. कपाटाला कुलूप, काडतुसं वेगळ्या कुलुपात, आणि किल्ली कुठे आहे ते लेकीलाही माहीत नको. तिच्या मैत्रिणी घरी येतात हे लक्षात ठेवा.

नवा_गडी | २१ ऑगस्ट
बाप रे. मी पुढच्या शनिवारी रेंजवर जाणार होतो. रद्द केलं. धन्यवाद ताई.

ऐकू_येतंय_ना | २२ ऑगस्ट
मी कानाची डॉक्टर. कोणीच कानांबद्दल बोललं नाही म्हणून लिहिते. शिकारीच्या रायफलीचा बार १६० डेसिबलच्या वर जातो, एका बारात कायमचं नुकसान होऊ शकतं, ते परत येत नाही. मुलांना दोन्ही लावा, आत फोमचे बोळे आणि वर मफ. .२२ ला सुद्धा. मचाणावर बसताना इलेक्ट्रॉनिक मफ मिळतात, पाचोळ्याचा आवाज ऐकू येतो आणि बार झाला की बंद होतात. रायफलीत शंभर डॉलर कमी घाला पण हे घ्या. माझ्याकडे पन्नाशीतले शिकारी येतात, डाव्या कानाला घंटी वाजत असते, उजव्या खांद्यावरून बार काढणाऱ्याचा डावा कान नळीच्या जवळ येतो म्हणून. तुमच्या लेकीचा उजवा येईल.

रानवाटेवर | २३ ऑगस्ट
बरं आता मुख्य मुद्दा, हरणासाठी काय? मी म्हणतो .२४३. १९५५ पासून अमेरिकेतली अर्धी पोरं त्यावर शिकलीयत. धक्का नऊ फूट-पाउंडाच्या आसपास, .३०८ चा सतरा, .३०-०६ चा वीस.

ओझार्कचा_अण्णा | २३ ऑगस्ट
मी .२४३ च्या विरोधात. गोळी हलकी, खांद्याच्या हाडावर बसली तर आत जाईलच असं नाही, आणि नवख्याचा नेम दोन-चार इंच इकडेतिकडे होणारच. जखमी हरीण रात्रभर शोधणं काय असतं ते मी अनुभवलंय, माझ्या मुलाने .२४३ ने मारलेलं, रक्ताचा माग ओढ्यापाशी संपला, सकाळी सापडलं ते कोल्ह्यांनी खाल्लेलं. पोरगा दोन वर्षं परत आला नाही. ६.५ क्रीडमूर किंवा ७ एमएम-०८ घ्या, धक्का बारा-तेरा, गोळी जड.

मिनेसोटा_मामा | २३ ऑगस्ट
अण्णा, वाईट वाटलं वाचून. पण मला वाटतं दोष कॅलिबरचा कमी. किती अंतर होतं?

ओझार्कचा_अण्णा | २३ ऑगस्ट
दीडशे यार्ड, हरीण तिरकं उभं. खरंय, मी थांबवायला हवं होतं.

मिनेसोटा_मामा | २३ ऑगस्ट
तेच. म्हणून आमचा नियम कागदी ताटलीचा. नऊ इंची ताटली, हरणाचं काळीज-फुप्फुस जवळपास तेवढंच. शिकारीत बसणार त्याच बैठकीत, टेकू घेऊन, पोराने लागोपाठ पाच गोळ्या ताटलीत घातल्या की ते त्याचं अंतर. पन्नासला जमलं तर पन्नास, शंभरला जमलं तर शंभर. त्यापुढे हरीण कितीही देखणं असो, चाप नाही. ८४ पाउंडाच्या मुलीला मी .२४३ च देईन, शंभर ग्रेनची (साडेसहा ग्रॅमच्या आसपास) गोळी, ऐंशी यार्डांच्या आत, हरीण आडवं उभं असताना. अण्णांचं ७ एमएम-०८ चौदाव्या वर्षी.

रानवाटेवर | २३ ऑगस्ट
.३०-३० लिव्हर ॲक्शन (चापाखालची दांडी ओढून गोळी भरायची) पण बघा ना, किती देखणी असते.

मिनेसोटा_मामा | २४ ऑगस्ट
देखणी आहे, माझ्या भिंतीवर आहे. पण जुन्या मॉडेलमध्ये घोडा अंगठ्याने अलगद उतरवावा लागतो. गारठलेल्या छोट्या बोटांतून निसटला तर बार होतो. लहान पोराला नको.

पानाफुलातली | २४ ऑगस्ट
तुमचं सगळं वाचते आहे. ताटलीचा नियम वाचून बरं वाटलं. मत बदललं नाही, पण बरं वाटलं.

ऐकू_येतंय_ना | २४ ऑगस्ट
एक विसरले, शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात लांबवर पसरतात. मुलं खाणार असतील तर तांब्याची गोळी घ्या आणि जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका.

मेंडोटाकाठचा | ९ डिसेंबर
मंडळी, उशीर झाला, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सॅव्हेज मार्क टू डावखुरी जुनी मिळाली, आणि ऑक्टोबरात आजोबांच्या ओळखीने छोट्या दस्त्याची डावखुरी .२४३. पहिला आठवडा लेक डाव्या खांद्यावर वैतागली होती, "बाबा, हे डाव्या हाताने जेवल्यासारखं आहे." नेम दादांनी सांगितलं तसं रोज संध्याकाळी तळघरात नुसतं होल्डिंग. .२२ च्या सहाशे गोळ्या झाल्या असतील. डमीची युक्ती केली, तिची नळी हलली नाही, माझी हलली! देवगडचा, मग मीसुद्धा .२२ वर परत गेलो. .२४३ च्या तिने फक्त पंचवीस गोळ्या झाडल्या, कानात बोळे आणि वर मफ. ताटलीचं अंतर ठरलं सत्तर यार्ड.

पहिल्या दिवशी पहाटे उणे आठ, आम्ही दोघं मचाणावर, नारिंगी कपड्यांत. सात-वीसला एक मादी टेकाडाच्या धारेवर येऊन उभी राहिली, आडवी, साठ यार्डांच्या आत. मी श्वास रोखला. लेकीने रायफल टेकवली, स्कोपमधून पाहिलं, सेफ्टीवरचा अंगठा तसाच. मग माझ्याकडे न बघता पुटपुटली, "मागे नुसतं आभाळ आहे बाबा. पलीकडे काय आहे दिसत नाही." आणि मादी उतरून गेली. कोर्समध्ये हे शिकवतातच, निशाणाच्या मागे काय आहे ते बघा. पण तीन महिने वाट बघितल्यावर मला त्या क्षणी ते आठवलं असतं की नाही, खात्री नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला एक नर खालच्या ओढ्याकडून आला, मागे मातीची दरड. पन्नास यार्ड. एक बार. तो चाळीसेक पावलं पळाला आणि पडला. आम्ही अर्धा तास जागेवर बसून राहिलो, आजोबांनी तसंच सांगितलं होतं. लेक थरथरत होती, थंडीने की कशाने, मी विचारलं नाही. जवळ गेल्यावर तिने हातमोजा काढून त्याच्या मानेवर हात ठेवला, "अजून गरम आहे" म्हणाली, आणि रडली. आजोबांनी टोपी काढली. मग तिनेच बाही वर केली आणि सोलायला मदत केली.

पानाफुलातली ताई, तुमचा प्रश्न तिला वाचून दाखवला होता. त्या ताईंना सांग म्हणाली, मला वाईट वाटलं आणि मी परत जाणार आहे, दोन्ही.

आमच्या भागात हरणांमध्ये सीडब्ल्यूडी, म्हणजे त्यांना होणारा मेंदूचा जीवघेणा रोग, आहे (माउंट होरेबच्या बाजूला २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला), त्यामुळे डोकं तपासणीला दिलं होतं. काल रिपोर्ट आला, निगेटिव्ह. मांस फ्रीझरमध्ये आहे. रविवारी आजोबा-आजी जेवायला येणार आहेत, तांबडा रस्सा करायचा विचार आहे. हरणाला चरबी नसते, कोरडं होईल का?

पानाफुलातली | ९ डिसेंबर
तिला माझा आशीर्वाद सांगा.

रंकाळ्याचा_नेम | ९ डिसेंबर
डोळ्यात पाणी आणलं पोरीने. इकडे आली की रेंजवर घेऊन या, जॅकेट मी देतो.

मिनेसोटा_मामा | १० डिसेंबर
मागे आभाळ आहे म्हणून सोडलं, यासाठी तिला माझ्याकडून एक चांगला चाकू. पत्ता व्यनि करा.

रश्शाचं: रात्रभर दही-आलं-लसूण लावून ठेवा, पायाचं मांस घ्या, कुकरला घाई करू नका, मंद आचेवर अडीच तास. फोडणीत तेल नेहमीपेक्षा एक पळी जास्त आणि खोबऱ्याचं वाटण घट्ट. पाठीची पट्टी मात्र रश्शात घालू नका, तव्यावर तुपात दोन-दोन मिनिटं, मीठ-मिरी, बास. ती पहिली तिच्या ताटात.